वर्गणीची पेटी

मासिकांचे वर्गणीदार सर्वांच्या परिचयाचे आहेत. परंतु कपड्यांचे वर्गणीदार ही अलीकडे निर्माण झालेली नवी जात होय. आणि गेल्या वर्षीं त्या जातींत आमचीहि गणना झाली. दर दोन महिन्यांनीं एक पेटी घरीं यावयाची, तींत काय निघेल हें आधीं ठाऊक नसावयाचें, आणि पैसे मात्र आगाऊ गेलेले असावयाचे, असा हा व्यवहार आहे. तो आम्हीं कां पत्करिला, त्यांत काय मिळालें, काय गमावलें व शेवटीं ती वर्गणी कां थांबविली, याची हकीगत या वार्षिकाच्या वाचकांपुढें ठेवावी, असें वाटल्यावरून हा लेख लिहिला आहे. येथें ‘आम्ही’ म्हणजे आम्ही उभयतां, याच शाळेच्या दहावीच्या वर्गांत असलेल्या एका मुलीचे आईबाप. या प्रकरणांत निर्णय दोघांचा होता, आणि चूकहि दोघांची होती. म्हणून लेखहि दोघांचा आहे. मुलीनें तो वाचला असून छापण्यास संमति दिली आहे.

आमचें गांव सडक अर्जुनी. १ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्याचे दोन भाग होऊन गोंदिया जिल्हा निराळा झाला, त्यांतील हें तालुक्याचें ठिकाण. नागपुराहून रायपुराकडे जाणारा हमरस्ता, ज्याचा क्रमांक पूर्वीं ६ होता व हल्लीं ५३ आहे, तो आमच्या शेजारून जातो. भोंवतालीं धानाची शेतें, तळीं व थोडें दूर नवेगांवचें जंगल. नित्याचे कपडे येथील बाजारांत मिळतात. परंतु लग्नकार्याची खरेदी निघाली कीं साकोली, गोंदिया किंवा नागपूर गांठावें लागतें. तेथील मोठ्या दुकानांत कपडे घालून पाहण्यासाठीं पडदा लावलेली एक अरुंद खोली असते. आमच्या मुलीस गेलीं दोन वर्षें त्या खोलीचा विलक्षण तिटकारा आला होता. आंत जाई, लगेच बाहेर येई, आणि “कांहीं नको, घरीं चला,” म्हणे. आम्हीं तें वयाचें लाजाळूपण समजलों. जानेवारींत दहावीच्या मुलांचा निरोप-समारंभ व्हावयाचा होता. त्या दिवशीं गणवेश नसतो. म्हणून काय घालावयाचें हा प्रश्न जूनपासूनच घरांत निघाला. तेव्हां पुण्यास नोकरीस असलेल्या आमच्या पुतणीनें सुचविलें, “काकू, तिला दुकानांत नेऊंच नका. पेटी मागवा. दार लावून सावकाश घालून पाहील.” ही युक्ति आम्हांस पटली.

घरबसल्या माल मागविण्याची चाल कांहीं आजची नव्हे. अमेरिकेंत शिकागो शहरीं अ‍ॅरन माँटगोमेरी वॉर्ड यानें १८७२ सालीं मालाची यादी छापून टपालानें माल धाडण्याचा धंदा सुरू केला. आपल्या देशांत १८७७ सालीं टपालखात्यानें व्ही. पी. ची पद्धत काढली, आणि खेडोपाडींचा मनुष्य पोस्टमनच्या हातांत पैसे ठेवून पुस्तकें, घड्याळें व औषधें घेऊं लागला. मात्र या दोन्ही प्रकारांत काय घ्यावयाचें हें गिऱ्हाईक स्वतः ठरवी. निवड दुसऱ्यावर सोंपवावयाची व वर्गणी आपण भरावयाची, ही कल्पना पुस्तकांच्या बाबतींत अमेरिकेंत १९२६ सालीं निघालेल्या ‘बुक ऑफ द मंथ क्लब’नें रूढ केली. तीच पुढें कपड्यांस लागू झाली. ‘ट्रंक क्लब’ २००९ सालीं निघाला. २०११ सालीं कॅटरिना लेक या बाईंनीं ‘स्टिच फिक्स’ काढलें. तेथें गिऱ्हाइकानें आपली माहिती भरून द्यावयाची, आणि निवडणाऱ्यानें पांच कपडे धाडावयाचे, अशी रीत पडली. मुंबईंत अर्चना वालावलकर व धीमान शहा यांनीं २०१३ सालीं ‘स्टाइलक्रॅकर’ स्थापन करून हाच प्रकार आपल्याकडे आणिला. हा धंदा दिसतो तितका सोपा नाहीं. ट्रंक क्लब एका मोठ्या दुकानदारानें २०१४ सालीं विकत घेतला, तरी २०२२ सालीं तो बंद पडला. स्टिच फिक्सनें २०१९ सालीं इंग्लंडांत थाटलेलें दुकान २०२३ सालीं आवरतें घेतलें. आम्हीं जेथून पेट्या मागविल्या तें दुकान या सर्वांहून निराळें. त्याचें नांव देण्याचें प्रयोजन नाहीं.

प्रथम मोबाइलवर एक लांबलचक प्रश्नपत्रिका सोडवावी लागली. उंची, वजन, छाती, कंबर, आवडते रंग, नावडते रंग. कपडे कोणत्या प्रसंगीं वापरणार? त्याखालीं पर्याय होते ते ऑफिस, पार्टी, प्रवास व समुद्रकिनारा यांचे. शाळा, रोवणीच्या दिवसांत मामाच्या शेतावरची फेरी, किंवा मे महिन्यांतील पूर्व विदर्भाचें ऊन, यांस तेथें जागा नव्हती. आम्हीं ‘प्रवास’ यावर खूण केली. तीन पेट्यांची वर्गणी ७,५०० रुपये. प्रत्येक पेटींत तीन कपडे. न आवडलेला कपडा सात दिवसांच्या आंत परत केल्यास त्याची किंमत पुढील पेटींत वळती होईल, असा नियम होता. पैसे भरले, आणि वाट पाहूं लागलों.

ऑगस्टांत पेटी निघाल्याचा निरोप आला, पोंचल्याचाहि आला. पेटी मात्र आली नाहीं. तपास करितां ती मोरगांव अर्जुनीस जाऊन बसल्याचें कळलें. आमच्या जिल्ह्यांत तालुक्याच्या अर्जुनी दोन आहेत. एकीच्या नांवाशीं सडक, दुसरीच्या नांवाशीं मोरगांव. येथील शेंबडें पोरहि तो भेद जाणतें. पण परगांवच्या गोदामांतील मनुष्यास तो कसा ठाऊक असणार? पांचव्या दिवशीं पेटी घरीं आली. सात दिवसांची मुदत मात्र पोंचल्याच्या निरोपापासून धरलेली होती. परत नेणारा मनुष्य आठव्या दिवसापर्यंत आला नाहीं, आणि नवव्या दिवशीं मुदत संपल्याचें पत्र आलें.

पेटी सुरेख होती, यांत शंका नाहीं. आंत पातळ कागदाची घडी, वर मुलीच्या नांवाची चिठ्ठी, आणि खालीं तीन कपडे: एक जाड निळें जाकीट, एक अर्ध्या बाह्यांचा सदरा व एक पिवळा कुर्ता. मुलगी हरखली. पेटी घेऊन ती खोलींत गेली आणि दार लावलें. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. शेवटीं आईनें हांक मारली तेव्हां दार उघडलें. मुलगी पिवळा कुर्ता घालून आरशासमोर उभी होती, आणि रडत होती. कुर्ता उजव्या खांद्यावर चढलेला, डाव्या खांद्यावरून घसरलेला. खालचा घेर एका बाजूस दोन बोटें खालीं. “प्रत्येक दुकानांत असेंच होतें,” ती म्हणाली. “कपड्यांत कांहीं बिघाड नाहीं. माझ्यांतच आहे. म्हणून मी तुमच्याबरोबर येत नव्हतें.”

आम्ही काय उत्तर देणार? आई म्हणाली, “अगं, शिवण वांकडी असेल. तुझा गणवेश तर किती सरळ बसतो!” आणि पुराव्यासाठीं तिनें दोरीवरचा गणवेश काढून खाटेवर पसरला. तेव्हां आम्हां तिघांच्याहि दृष्टीस एक गोष्ट पडली. गणवेशाचे दोन खांदे सारखे नव्हते. एकांत दुसऱ्याहून अर्धा इंच अधिक कापड होतें. एका बगलेची शिवण थोडी सोडलेली, दुसरीची थोडी दाबलेली. अंगावर सरळ दिसणारा तो गणवेश खाटेवर वांकडा होता.

हा गणवेश आमच्या बाजारांतील एका वृद्ध शिंप्यानें शिवलेला. पांचवीपासून मुलीचा प्रत्येक कपडा त्याच्याच हातचा. मुलें त्यास टेलरकाका म्हणतात. आम्ही त्याच सायंकाळीं दुकानीं गेलों व विचारिलें. त्यानें मापांची जुनी वही काढली. सातवीपर्यंत खांद्याचें माप एकच लिहिलेलें. आठवीच्या मापापुढें ‘पाव’ असा शेरा, आणि दहावीच्या मापापुढें ‘अर्धा’. “मले दिसत होतं,” तो म्हणाला. “पोरीच्या आंगाले कपडा नीट बसला पायजे. त्यात सांगाचं काय? पोरीची जात, उगाच चार लोकांत बोभाटा कायले?”

परततांना आमच्या मनांत काय चाललें होतें, तें खरें सांगतों. प्रथम त्याच्याविषयीं कृतज्ञता वाटली. तीन वर्षें त्यानें आमच्या मुलीची लाज राखिली, आणि त्याबद्दल एक अवाक्षर काढिलें नाहीं कीं एक पैसा अधिक घेतला नाहीं. घर येईपर्यंत मनांत दुसरा विचार आला: हा मनुष्य बोलला असता तर बरें झालें असतें. आणि रात्रीं अंथरुणावर पडल्यावर तिसरा आला, तोच खरा होता. शिंपी वर्षांतून दोनदां माप घेई. आम्ही तर मुलीस रोज पाहत होतों. त्याच्या वहींत जें लिहिलें होतें, तें आमच्या डोळ्यांस दिसलें नाहीं, हा दोष कोणाचा?

पुढच्याच आठवड्यांत मुलीस नागपुरास तज्ज्ञ डॉक्टरांकडे नेलें. क्ष-किरणांचें छायाचित्र निघालें. पाठीच्या कण्यास बाजूला १६ अंशांचा बांक आहे, असें त्यांनीं मोजून दाखविलें. या विकारास स्कोलिओसिस म्हणतात. बांक १० अंश वा अधिक असला म्हणजे हें नांव लागतें. वाढीच्या वयांत शंभर मुलांमागें दोघां-तिघांत तो आढळतो, आणि वाढत जाण्याचा संभव मुलींत अधिक असतो. दप्तराच्या ओझ्यानें किंवा वांकून बसण्यानें तो होत नाहीं, हें ऐकून मुलीस फार हायसें वाटलें. कारण आपल्याच बसण्याच्या खोडीनें हें झालें, अशी तिची समजूत होती. वाढ चालू असतां बांक २५ अंशांच्या पुढें गेला तर बहुधा पट्टा बांधावा लागतो. आमच्या मुलीची वाढ बहुतेक पुरी होत आली असल्यामुळें तूर्त कांहीं करावयाचें नाहीं; सहा महिन्यांनीं पुन्हां दाखवावें, एवढेंच सांगण्यांत आलें. पालकांनीं घरच्या घरीं करावयाची एक साधी परीक्षाहि डॉक्टरांनीं दाखविली. मुलास पाय जुळवून उभें करावें, तळहात जोडून कमरेंतून पुढें वांकावयास सांगावें, आणि मागून पाठीकडे पाहावें. एक बाजू दुसरीहून उंच दिसली, तर डॉक्टरास दाखवावें. ही परीक्षा एका मिनिटाची आहे. आम्हांस ती तीन वर्षें आधीं ठाऊक असती तर!

असो. आतां पेट्यांकडे वळूं. दुसरी पेटी ऑक्टोबरांत आली. तींतील कपडे बरे होते. एक सैल सुती कुर्ता तर मुलीस फारच आवडला, कारण तो सैल असल्यामुळें कोणताहि खांदा त्यास चाले. तिसरी डिसेंबरांत आली. पण निरोपाच्या समारंभास शोभेल असें तींत कांहीं नव्हतें. सर्व मिळून नऊ कपडे झाले. त्यांपैकीं चार एकदांहि वापरांत आले नाहींत, जाकीट त्यांतलेंच. दोन मावसबहिणीस दिले. पिवळा कुर्ता टेलरकाकांनीं उसवून पुन्हां शिवून दिला. उरलेले दोन मुलगी आवडीनें घालते. म्हणजे ७,५०० रुपयांत कामास आले ते तीन कपडे. एकेक २,५०० रुपयांस पडला. येथें कापड व शिलाई मिळून एका चांगल्या पोशाखास सुमारें १,००० रुपये लागतात. त्या पैशांत सात पोशाख होऊन ५०० रुपये उरले असते.

यावरून ही पेटी सर्वथा टाकाऊ, असें आम्ही म्हणत नाहीं. ज्या स्त्रीपुरुषांस शहरांत नोकरी आहे, कपडे रोज निराळे लागतात, दुकानांत जाण्यास वेळ नाहीं, आणि परत नेणारा मनुष्य ज्यांच्या दारीं दुसऱ्या दिवशीं येतो, त्यांस तिचा उपयोग होत असेल. घरांत दार लावून, कोणाच्या नजरेखालीं न येतां कपडा घालून पाहण्याची जी सोय आहे, ती लहान नव्हे. आमच्या मुलीस त्या सोयीचें मोल ठाऊक आहे. परंतु पेटींतला कपडा सरासरीच्या मापानें बेतलेला असतो. आपल्या देशांतील माणसांचीं मापें निश्चित व्हावीं म्हणून राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेनें, म्हणजे निफ्टनें, २५,००० लोकांचीं शरीरें यंत्रानें मोजण्याचें काम हातीं घेतलें, तें याचसाठीं. पुढें हीं मापें अधिक नीट होतील. तरी सरासरी ती सरासरीच. जिचे दोन खांदे निरनिराळे, तिचें माप तींत मिळणार नाहीं.

ज्यांस असा प्रयोग करावयाचा असेल त्यांनीं चार गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली, परतीची मुदत कोणत्या दिवसापासून मोजतात हें पैसे भरण्यापूर्वीं वाचावें. दुसरी, वर्गणी आपोआप पुढें चालूं राहते काय, हें पाहावें; आमची तशीच होती, आणि चौथ्या पेटीचे पैसे कापले जाण्याच्या बेतांत होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणें १ ऑक्टोबर २०२१ पासून अशा वजावटीची सूचना निदान २४ तास आधीं यावी लागते. ती सूचना आली म्हणूनच आम्ही वेळेवर थांबवूं शकलों. तिसरी, २०२० सालच्या ग्राहक-संरक्षण नियमांप्रमाणें मोबाइलवरून माल विकणाऱ्यानें तक्रारीची पोंच ४८ तासांत व निवारण एक महिन्यांत केलें पाहिजे. न केल्यास १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक-साहाय्य मिळतें. आम्हीं आळसानें तक्रार केली नाहीं. तुम्हीं तो आळस करूं नये. चौथी, पत्त्यांत गांवाचें नांव, तालुका व पिनकोड स्पष्ट लिहावा; विशेषतः ज्यांच्या जिल्ह्यांत अर्जुनी दोन आहेत त्यांनीं!

निरोप-समारंभासाठीं शेवटीं भंडाऱ्याकडचें कोशाचें कापड घेतलें. मोहाडी तालुक्यांत आंधळगांवास हें विणकाम चालतें. ज्या किड्यांपासून हें सूत निघतें ते आपल्याच जंगलांतील ऐन व अर्जुन यांच्या पाल्यावर वाढतात. कापड घेऊन मुलगी स्वतः टेलरकाकांकडे गेली. आम्ही मागें उभे होतों. काकांनीं नेहमींप्रमाणें फीत टाकिली, आणि वहींत खांद्याचें माप लिहून पुढें बारीक अक्षरांत शेरा मारूं लागले. तेव्हां मुलीनें त्यांच्या हातांतील पेन्सिल मागून घेतली, आणि ‘उजवा’ व ‘डावा’ अशीं दोन मापें निरनिराळीं, स्पष्ट अक्षरांत लिहिलीं. काका कांहीं वेळ वहीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “आता पुढच्या बारीले तूच लिहाचं.”

शिलाईचे ४०० रुपये झाले. समारंभाचा फोटो शाळेच्या फलकावर लागला आहे. मागील रांगेंत, डावीकडून तिसरी, ती आमची मुलगी. पेट्या तिन्ही घरीं आहेत. पुठ्ठा चांगला मजबूत आहे. एकींत तिनें नववी-दहावीचीं पुस्तकें शेजारच्या मुलीसाठीं भरून ठेविलीं आहेत. दुसरींत डॉक्टरांचे कागद व तें छायाचित्र आहे, कारण फेब्रुवारींत पुन्हां नागपुरास जावयाचें आहे. तिसरी रिकामी आहे. ७,५०० रुपयांची ही खरेदी लाभाची कीं तोट्याची, असें कोणीं विचारिलें तर वहीप्रमाणें ती तोट्याचीच आहे, आणि पुन्हां आम्ही ती करणार नाहीं. परंतु त्या पिवळ्या कुर्त्याचे पैसे बुडाले, असें मात्र आमच्यानें म्हणवत नाहीं. वाचकांपैकीं जे पालक असतील त्यांनीं पेटी मागवावी वा न मागवावी. आज सायंकाळीं मूल शाळेंतून आलें म्हणजे क्षणभर त्याच्या पाठीकडे पाहावें, इतकी विनंती करून हा लेख पुरा करितों.